मागचं एक्सल हाउसिंग आखूड करताना: आधी काय, मग काय

ट्यूब कापायला फार तर दहा मिनिटं लागतात. हाउसिंग बिघडतं ते आधीच्या मापात किंवा नंतरच्या वेल्डिंगच्या क्रमात. म्हणून या लेखात करवतीपेक्षा टेप, बार आणि क्रम यांच्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

हे सगळं सलग हाउसिंगच्या मागच्या एक्सलबद्दल आहे, म्हणजे दोन्ही चाकांचे शाफ्ट आणि मधले गिअर (डिफरन्शियल) ज्यात एकाच अखंड पोलादी कवचात असतात. रुंद टायर मडगार्डच्या आत बसवायचे असतात, किंवा रुंद गाडीचा मजबूत एक्सल अरुंद गाडीखाली घालायचा असतो, तेव्हा हा उद्योग करावा लागतो. त्याआधी एकदा रिम बदलून भागतंय का ते पाहा. जास्त बॅकस्पेसिंगच्या (म्हणजे रिमच्या आतल्या कडेपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत जास्त अंतर असलेल्या) रिमने चाक ३०-४० मिमी आत जात असेल आणि आतल्या बाजूला तेवढी जागा असेल, तर हाउसिंगला हात लावू नये. उलटं करणारेही भेटतात: एक्सल गरजेपेक्षा आखूड करायचा आणि मग बाहेर खोल वाटी असलेली रिम लावायची. दिसायला झकास, पण टायरच्या मध्यरेषेवर येणारा भार बेअरिंगच्या बाहेर सरकतो आणि शाफ्टच्या फ्लॅंजवर (चाक जिला बोल्टने लागतं त्या टोकाच्या चकतीवर) व बेअरिंगवर वाकवणारा जोर वाढतो.

टायरपासून आत मोजत या

जुन्या हाउसिंगचं माप घेऊन त्यातून “दोन-दोन इंच कमी करू” हा सगळ्यात वाईट हिशेब. सुरुवात टायरपासून करा. गाडी सपाट जमिनीवर, नेहमीच्या उंचीला, पूर्ण वजन स्प्रिंगांवर. जे टायर आणि रिम शेवटी लावणार, तेच आत्ता हातात हवेत, हवा भरलेले. कारण २५५ लिहिलेले दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारख्या रुंदीचे निघतीलच असं नाही. शिवाय रिम अर्ध्या इंचाने बदलली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने बदलते.

एक उदाहरण घेऊ. मडगार्डच्या आतल्या कडेपासून कडेपर्यंत १६०० मिमी. दोन्ही बाजूंना २५ मिमी मोकळी जागा सोडली की टायरच्या बाहेरून बाहेरपर्यंत १५५० मिमी उरतात. रिम ८ इंची. हे ८ इंच टायर बसतो त्या जागेचं माप. कडा धरून रिमची एकूण रुंदी साधारण ९ इंच, म्हणजे २२९ मिमी. बॅकस्पेसिंग १४० मिमी. मग टेकणीच्या बाहेरच्या बाजूला ८९ मिमी राहतात. टायर २५५ मिमी असेल तर तो रिमच्या दोन्ही कडांबाहेर प्रत्येकी १३ मिमी फुगतो. म्हणजे चाक टेकण्याच्या पृष्ठभागापासून टायरची बाहेरची बाजू १०२ मिमीवर. १५५० मधून दोन वेळा १०२ वजा केले की १३४६ मिमी मिळतात. एका बाजूच्या चाकाच्या टेकणीपासून दुसऱ्या बाजूच्या टेकणीपर्यंतचं हे अंतर, आणि पुढचे सगळे आकडे यातूनच निघतात.

आता आतून पडताळा. १३४६ मधून दोन वेळा (१४० + १३) वजा करा: दोन टायरांच्या आतल्या बाजूंमध्ये १०४० मिमी. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बाहेरच्या कडांमधलं अंतर ९९० मिमी असेल तर दोन्हीकडे २५ मिमी सुटतात. पाट्यांच्या गाडीत एवढं पुरतं. कॉइल स्प्रिंग आणि पॅनहार्ड रॉड (एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) असेल तर एक्सल वरखाली होताना कमानीत थोडा बाजूलाही सरकतो. ९०० मिमी लांबीचा, नेहमीच्या उंचीला आडवा असलेला रॉड ७५ मिमी हालचालीत जेमतेम ३ मिमी सरकवतो. पण तोच रॉड तिरका बसवलेला असेल तर सरक बरीच वाढते. मडगार्डची दुमडलेली कड, एग्झॉस्टचा पाइप, हँडब्रेकची केबल आणि शॉक ॲब्सॉर्बरचं खालचं टोक हे चार नग मोजताना हटकून विसरले जातात.

यानंतर ब्रेक ऑफसेट. हाउसिंगच्या टोकाच्या फ्लॅंजपासून चाक टेकण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं हे अंतर ब्रेक आणि बेअरिंगच्या प्रकारावर ठरतं. फोर्ड ९ इंच एक्सलच्या (९ इंच हा आतल्या मोठ्या गिअरचा व्यास) एका प्रचलित टोकाला ते अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिमी असतं. तुमच्याकडचं तुम्ही मोजा. ६३.५ धरलं तर हाउसिंगची फ्लॅंज ते फ्लॅंज लांबी १३४६ − १२७ = १२१९ मिमी.

आता पिनियन, म्हणजे इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट ज्याला जोडतो तो एक्सलमधला लहान गिअर. पिनियन गाडीच्या बरोब्बर मध्यावर असलाच पाहिजे हा हट्ट सोडा. बऱ्याच गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सही थोडे बाजूलाच बसवलेले असतात. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे सांधे सारख्या कोनात फिरले की झालं. समजा पिनियन २० मिमी उजवीकडे हवा आहे: मग पिनियनच्या मध्यापासून उजवा फ्लॅंज ५८९.५ मिमी, डावा ६२९.५. दोन बाजूंची मापं वेगळी येणार हे इथेच कागदावर लिहून ठेवा आणि ट्यूबवर पेंटने “डावी”, “उजवी” असं रंगवा. हसण्यावारी नेऊ नका. चुकीच्या बाजूने कापलेलं हाउसिंग भंगारात जातं.

कोणतं हाउसिंग, कुठे कापायचं

आखूड करायला सगळ्यात सोपं हाउसिंग फोर्ड ९ इंच. १९५७ ते १९८६ या काळात ते कारखान्यातून येत होतं आणि आजही त्याचे नवे सुटे भाग मिळतात. यात गिअरचा अख्खा संच पुढून नट काढून बाहेर येतो, मागे उरतो तो पत्र्याचा रिकामा सांगाडा. म्हणून जिग (सगळं एका रेषेत धरणारा साचा) लावणं सोपं. एकच अडचण: मधल्या फुगीर भागापासून ट्यूबपर्यंत हाउसिंगच्या बाहूंना उतार असतो. जास्त आखूड करताना कापणी त्या उतारावर आली तर नव्या टोकाचा व्यास जुळत नाही. खूणच तिथे पडत असेल तर जुनं हाउसिंग कापण्यापेक्षा हव्या रुंदीचं तयार हाउसिंग घेतलेलं बरं.

दुसरा प्रकार डाना ४४, डाना ६० किंवा फोर्ड ८.८ यांचा. मधला भाग ओतीव, त्यात ट्यूब दाबून बसवलेल्या आणि भोकांतून वेल्डने पकडलेल्या. ट्यूब मधून ओढून काढायच्या फंदात पडू नका, कापायचं बाहेरच्या टोकालाच. मात्र जादा ताकदीच्या इंजिनामागे या ट्यूब ओतीव भागात फिरतात, म्हणून सांधा चहूबाजूंनी वेल्ड करण्याची पद्धत आहे. तो ओतीव भाग २०० ते २५० अंशांपर्यंत आधी तापवायचा, निकेलच्या रॉडने छोटे छोटे तुकडे मारायचे आणि काम झाल्यावर जाड ब्लॅंकेटमध्ये गुंडाळून सावकाश गार होऊ द्यायचं. थंड ओतीवावर साध्या तारेने मारलेला वेल्ड कडेने तडकतो. कधी कधी गार होताना त्याचा “टिक” असा आवाजही येतो.

या प्रकारातल्या बऱ्याच एक्सलमध्ये शाफ्ट आतल्या टोकाला सी आकाराच्या क्लिपने धरलेला असतो. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर निघू शकतो. टोक कापायचंच आहे, तर तिथे बाहेरून बेअरिंग दाबून धरणारं नवं टोक वेल्ड करणं मला जास्त पटतं. जुन्या टोकावर बोल्टने लावायचे रूपांतर-संच मिळतात, पण त्यांची तेल झिरपण्याची तक्रार जुनी आहे.

फोर्ड एक्स्प्लोररच्या ८.८ इंची एक्सलला एक पळवाट आहे. त्यात पिनियन बाजूला असल्याने एक शाफ्ट लांब, एक आखूड. लांब बाजूची ट्यूब कापून तिथेही आखूड बाजूचाच शाफ्ट घालायचा: शाफ्ट मुद्दाम करून घ्यायला नकोत. कापायचं अंतर म्हणजे दोन शाफ्टांमधला फरक, आणि तो दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजावा. सी क्लिपची खाच ठरलेल्या जागीच यावी लागत असल्याने इथे एका सुताचीही सूट नाही.

जिग

लागतं ते असं: साधारण ३८ मिमी व्यासाचा ग्राइंड केलेला सरळ बार, हाउसिंगपेक्षा दोन्हीकडे हातभर लांब, आणि लेथवर फिरवलेल्या ॲल्युमिनियमच्या चार चकत्या. दोन चकत्या डिफरन्शियलच्या बेअरिंगांच्या जागी, दोन चाकांच्या बेअरिंगांच्या जागी. फोर्ड ९ इंचमध्ये मधल्या चकत्यांचा बाहेरचा व्यास ७३.४, ७७.८ किंवा ८२.५ मिमी, केसवर (गिअर धरणाऱ्या ओतीव कवचावर) अवलंबून. टोकांना लहान बेअरिंग असेल तर ७२ मिमी, मोठं असेल तर ८० मिमी. चकती बसणाऱ्या भोकापेक्षा ०.०५ मिमी लहान ठेवा आणि बारवर हाताने सरकेल अशी.

मधल्या दोन चकत्या गाळायचा मोह होतो. गाळू नका. असा बार १४०० मिमी अंतरावर फक्त दोन टोकांना टेकवला तर स्वतःच्याच वजनाने मधोमध सुमारे ०.२ मिमी वाकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोनच टेकणं असली की दोन्ही टोकं एकमेकांशी जुळतील, पण डिफरन्शियलशी जुळतीलच असं नाही. आणि शाफ्टची स्प्लाइन (टोकावरचे लांबट दात) तर डिफरन्शियलमध्येच शिरते. फोर्ड ९ इंचला त्यासाठी गिअर काढलेली रिकामी केस हाउसिंगला बोल्टने नीट कसा आणि बेअरिंगच्या टोप्याही पूर्ण ताकदीने आवळा. सैल टोपीत बसवलेल्या चकतीवर भरवसा ठेवता येत नाही. बारऐवजी पाण्याचा पाइप वापरू नये हे वेगळं सांगायला नको, पण लोक वापरतात.

ट्यूबला बाहेरून अँगलच्या पट्ट्या आवळून मधला तुकडा कापून जोडण्याची पद्धतही आहे. टॅक (ठिपक्याएवढा तात्पुरता वेल्ड) मारण्यापुरती ती चालते. त्यातही ट्यूबच्या मधे सांधा येतो आणि आतून बाही घालायची तर शाफ्टला जागा कमी पडते. टोकाला सांधा असलेलाच बरा.

आधी बैठका, शेवटी टोकं

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं तर हे: हाउसिंगवर जे जे वेल्ड व्हायचं आहे ते आधी, बेअरिंगची टोकं सगळ्यात शेवटी. पाट्यांच्या बैठका (पाट्या ज्यावर टेकतात ते पत्रे), शॉकचे कान, लिंकचे ब्रॅकेट हे सगळे ट्यूबच्या एकाच अंगाला वेल्ड होतात. वेल्ड गार होताना आकसतो आणि ट्यूबला त्या बाजूला ओढतो. बैठक वरून वेल्ड केली की ट्यूबचं टोक वर उचललं जातं. टोकं सरळ लावून मग बैठका मारणं म्हणजे आधी कळस मग पाया.

म्हणून जुनी टोकं लागलेलीच असताना हाउसिंग गाडीखाली धरा, बैठका नुसत्या टॅक करा, गाडी वजनावर ठेवून पिनियनचा कोन मोजा. पाट्यांच्या गाडीत जोर लावताना पिनियनचं नाक वर उचललं जातं, म्हणून ते सुरुवातीला दोन-एक अंश खाली ठेवतात. कोन पक्का झाला की हाउसिंग खाली काढून बैठका पूर्ण वेल्ड करा. गाडीखाली टॅक मारण्याआधी बॅटरीची तार सोडा. अर्थ क्लॅम्प वेल्डच्या जवळ ट्यूबवरच लावा, बेअरिंगमधून करंट जाता कामा नये. आणि हाउसिंग धुवायला क्लोरिनवाला ब्रेक क्लीनर वापरू नका: त्याचा अंश वेल्डच्या उष्णतेत आला तर विषारी फॉस्जीन वायू तयार होतो. रॉकेल किंवा गरम पाणी-साबण, मग पूर्ण वाळवणं. ब्रीदरचं (आतली हवा सुटायचं) भोक उघडं ठेवा.

आता कापणी. उजवीकडे फ्लॅंज ५८९.५ मिमीवर हवा, नव्या टोकाची लांबी समजा ७० मिमी, वेल्डसाठी फट २ मिमी: ट्यूब ५१७.५ मिमीवर संपायला हवी. वेल्ड आकसतो म्हणून त्यात १ मिमी मिळवा, खूण ५१८.५ वर. ताठ कागदाची हातभर लांब पट्टी ट्यूबभोवती अशी गुंडाळा की कडेवर कड बरोबर बसेल, आणि त्या कडेने रेघ मारा. होज क्लिपही चालते. आडव्या बँडसॉवर काप सगळ्यात सरळ येतो, कटऑफ मशीनची चकती जाड ट्यूबमध्ये भरकटते. कापण्याआधी ट्यूबच्या लांबीवर आणि मधल्या भागावर एक सलग ओरखडा मारून ठेवा, वरची बाजू कोणती हे नंतर कळायला. काप कानशीने गुण्यात आणा, ३० अंशांची चेम्फर (तिरकी कड) काढा, टोकाशी दीड मिमी सपाट कड ठेवा.

नवं टोक चकतीसह बारवर सरकवून ट्यूबला भिडवा. त्याच्या भोकांची आखणी सहसा चौरस नसते, म्हणून दोन्ही टोकं एकाच कोनात यायला हवीत. हाउसिंगचा पुढचा पृष्ठभाग पाणसळीने उभा लावा आणि दोन्ही टोकांच्या भोकांची रेघ त्याच्याशी ताडून पाहा, नाहीतर एका चाकाचा ब्रेक तिरका बसेल आणि ब्रेकची नळी ताणली जाईल. घड्याळाच्या १२, ६, ३, ९ या जागी टॅक. प्रत्येक टॅकनंतर बार फिरवा आणि सरकवा. अडकला तर टॅक घासून पुन्हा.

पूर्ण वेल्ड पाव-पाव तुकड्यांत: १२ ते ३, मग समोरचा ६ ते ९, मग ३ ते ६, शेवटी ९ ते १२. दोन तुकड्यांमध्ये सांध्याला हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. एका बाजूचा एक तुकडा, मग दुसऱ्या बाजूचा, असं केलं की वाट पाहण्याचा वेळही वाया जात नाही. मिगची ०.९ किंवा १.२ मिमीची ईआर ७०एस-६ तार ६ मिमी जाडीला ठीक. सांध्याच्या मुळाशी एक थर, वरून एक. पाणी मारून गार करू नका. बार आतच राहू द्या. तापलेली ॲल्युमिनियमची चकती पोलादापेक्षा जवळपास दुप्पट फुगते, त्यामुळे गरम असताना ती अडकते आणि लोक हातोडा उचलतात. गार झाल्यावर तीच हाताने निघते.

सगळं गार झाल्यावर बार हाताने फिरला आणि सरकला पाहिजे. नाही सरकला तर कोणत्या बाजूला ओढलं गेलंय ते शोधा आणि उलट्या, म्हणजे फुगीर बाजूला, नाण्याएवढा ठिपका मंद लाल होईपर्यंत टॉर्चने तापवून हवेत गार होऊ द्या. तो भाग आकसतो आणि टोक परत ओढलं जातं. टोक वर गेलं असेल तर ठिपका खाली. एका वेळी एकच ठिपका. मग बारवर डायल इंडिकेटर लावून फ्लॅंजच्या तोंडावर फिरवा. मी ०.१५ मिमीच्या आत आल्याशिवाय पुढे जाऊ नये असं म्हणेन. बेअरिंगची जागा वेल्डच्या उष्णतेने किंचित आवळलेली असू शकते, म्हणून बेअरिंग घालून पाहा. घट्ट असेल तर होन करा (आतून बारीक घासून मोकळी करा).

शाफ्ट हाउसिंगनंतर

शाफ्टची ऑर्डर आधी देऊन ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई. वेल्ड किती आकसला ते वेल्ड झाल्यावरच कळतं. खरा डिफरन्शियल बसवा, बारीक सळई फ्लॅंजपासून आत घालून मधल्या आडव्या पिनपर्यंतचं अंतर प्रत्येक बाजूला मोजा. त्यात ब्रेक ऑफसेट मिळवा आणि ४ ते ६ मिमी मोकळीक वजा करा. मोकळीक नसेल तर शाफ्ट पिनवर टेकतो, बेअरिंग बाहेर ढकललं जातं आणि ते धरून ठेवणारी रिटेनरची पट्टी वाकते. उलट शाफ्ट फार आखूड निघाला तर स्प्लाइनची पकड कमी पडते. स्प्लाइनच्या व्यासाइतकी तरी लांबी साइड गिअरमध्ये (डिफरन्शियलमधल्या शाफ्ट शिरतो त्या गिअरमध्ये) गेलेली असावी. ती पाहायला स्प्लाइनवर मार्किंगचा निळा रंग लावा, शाफ्ट घालून काढा, रंग कुठपर्यंत पुसला ते दिसतं.

जुने शाफ्ट कापून नवी स्प्लाइन पाडता येते का? कधी कधी. बरेच मूळ शाफ्ट स्प्लाइनच्या मागे बारीक होत जातात. कापलं की तिथे ३१ दातांसाठी लागणारा साधारण ३३.५ मिमी व्यासच उरत नाही. व्यास पुरला तरी वरचा कठीण थर दात पाडताना निघून जातो आणि मऊ गाभा वर येतो. पुन्हा इंडक्शन हार्डनिंग केलं नाही तर दात पिळवटतात. नवे शाफ्ट १५४१एच किंवा ४३४० पोलादाचे येतात, तेच घ्यावेत. शाफ्ट मधे कापून वेल्ड करणं हा पर्यायच नाही, कितीही चांगला वेल्डर असला तरी.

जोडताना एक साधी चूक फार होते: रिटेनरची पट्टी शाफ्टवर चढवायची राहते आणि बेअरिंग दाबून बसवलं जातं. मग बेअरिंग कापून काढावं लागतं, नवं आणावं लागतं. शाफ्ट हाउसिंगमध्ये हाताने, फार तर तळहाताच्या थापेने बसला पाहिजे. शेवटचे २० मिमी हातोड्याने जात असतील तर टोक तिरकं आहे. हट्टाने बसवला तर तो शाफ्ट एकाच बाजूचं सील आधी खाईल, मग बेअरिंग. चाकं लावून टायरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंमधलं अंतर एक्सलच्या उंचीला मोजा: फरक दीड मिमीच्या आत हवा. हँडब्रेकची केबल आता लांब पडते, ती सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबत असताना बांधा आणि ब्रेकची लवचीक नळीही त्याच स्थितीत तपासा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर दोन्ही चाकं काढून सीलभोवती तेलाचा ओलावा पाहायचा आणि रिटेनरचे नट पुन्हा आवळायचे.